पाहुण्या भाच्याने गाडी मोडली, आणि गौरीला तो पुन्हा येणार आहे

प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वाढदिवसाला आजी-आजोबांनी आणि मावशीने दिलेले पैसे साठवून त्याने २,२०० रुपयांची रिमोटची गाडी घेतली. खेळून झालं की तो ती खोक्यात घालून कपाटात ठेवायचा. राखीपौर्णिमेला चिंचवडहून नणंद आणि साडेपाच वर्षांचा भाचा आले. मुलगा तेव्हा पोहण्याच्या क्लासला गेला होता. भाचा कंटाळून रडायला लागला, म्हणून सासूबाईंनी कपाटातून गाडी काढून दिली. मुलगा घरी आला तेव्हा पुढची चाकं वळत नव्हती आणि मागचा स्पॉयलर, म्हणजे डिकीवरचा आडवा पंख, तुटून पडला होता.

तो रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "मोठा आहेस ना तू? पाहुण्यांसमोर असं रडतात?" नवरा म्हणाला, "दुसरी आणू." नणंद म्हणाली, "अगं, लहान आहे तो." विषय तिथेच संपला. आता मुलगा म्हणतो, त्याने मुद्दाम मोडली. तो आला तर मी दार उघडणार नाही. गौरी पंधरा दिवसांवर आल्या आहेत आणि नणंद दोन रात्री राहणार आहे. आईचे प्रश्न तीन: नणंदेकडे पैसे मागावेत का? मागायचे नसतील तर मुलाला काय सांगावं? भाच्याला सॉरी म्हणायला लावावं का?

उत्तर

पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. मला मात्र तिथेच थांबावं लागलं. गाडी सासूबाईंनी कपाटातून काढून दिली, हे ते वाक्य.

भाच्याने कपाट उघडलं नाही, खोकं फोडलं नाही, कुणी "हात लावू नकोस" म्हटलेलंही त्याने मोडलं नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने एखादी वस्तू हातात दिली की साडेपाच वर्षांच्या मुलासाठी ती खेळायची परवानगीच असते. मोडतोड त्याच्या हातून झाली, पण मालकाला न विचारता गाडी बाहेर काढली ती तुमच्या घराने. म्हणून पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नणंदेकडे गाडीची किंमत मागू नका. माहेरवाशीण आहे, गौरीचं जेवण आहे, लोक काय म्हणतील, अशा कारणांसाठी मी हे म्हणत नाही. हा हिशोब तिच्याकडे जातच नाही. भाच्याने नको म्हटलेलं असताना गाडी घेतली असती, तर माझं उत्तर वेगळं असतं.

सासूबाईंनाही यात आरोपी करू नका. घरात रडणारा नातू, दुसरा बाहेर गेलेला, हाताशी जे होतं ते त्यांनी दिलं. पण तुमच्या मुलाच्या बाजूने पाहा. तो परत आला तेव्हा त्याची गाडी मोडलेली होती, आणि पाच मिनिटांत तीन मोठ्या माणसांनी त्याला तीन वाक्यं ऐकवली. तीनही वाक्यं पाहुण्यांना अवघड वाटू नये म्हणून होती, त्याच्यासाठी त्यातलं एकही नव्हतं. "मोठा आहेस ना" यातून त्याला एवढंच कळलं की वयाने मोठा असल्याची किंमत आपण भरायची. "दुसरी आणू" हे बाबा मनापासून म्हणाले असतील, पण त्याने जमवलेले पैसे, ठरवलेला रंग, रोज खोक्यात ठेवण्याची शिस्त यातलं काहीच त्या दोन शब्दांत येत नाही. त्याचा राग आतेभावावर दिसतो, कारण घरातल्या मोठ्यांवर रागवायची त्याला सोय नाही.

म्हणून नणंदेच्या आधी, भाच्याच्याही आधी, मुलाशी बोला. दोघंच असताना बोला, जेवताना किंवा अभ्यासाच्या मध्ये नको. वाक्यं साधी ठेवा: "तुझी गाडी तुला न विचारता दिली, हे आपल्या घरातल्या मोठ्यांचं चुकलं. तू रडलास त्यात काही चुकीचं नव्हतं. त्या दिवशी तुझं कुणी ऐकलं नाही, आता मला सांग." मग गप्प बसा. तो "मला तो नकोच" म्हणाला तरी लगेच समजावायला जाऊ नका. सगळं सांगून झालं की एकच प्रश्न विचारा: "आता काय झालं तर तुला बरं वाटेल?" मुलं यावर बऱ्याचदा मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा लहान गोष्ट मागतात. गाडी दुरुस्त करून हवी, कपाटाला कुलूप हवं, आत्याने एकदा विचारायला हवं. तो "नवीच हवी" म्हणाला, तर "आधी ही चालू होते का ते बघू, मग त्यावर बोलू" असं सांगा. जे पाळता येणार नाही ते कबूल करू नका. सासूबाईंनी स्वतः त्याला "मी तुला विचारायला हवं होतं रे" एवढं म्हटलं, तर फार चांगलं. पण हे त्यांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाने सांगावं.

आता "मुद्दाम" या शब्दाकडे. तुमचा मुलगा तिथे नव्हता. त्याने फक्त परिणाम पाहिला, आणि एवढं मोडलं म्हणजे मुद्दामच मोडलं असणार, असा अर्थ लावला. या वयात हे नवं नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी ऐकवल्या होत्या. एका मुलाने जेवायला येताना दार ढकललं, दारामागे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि पंधरा कप फुटले. दुसऱ्या मुलाने आई घरात नसताना फळीवरचा जॅम चोरून घ्यायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त चूक कुणाची, असं विचारल्यावर बरीच लहान मुलं पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत. करणाऱ्याच्या मनात काय होतं ते स्पष्ट करून सांगितलं, तर लहान मुलंही त्याचा विचार करतात, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. तुम्हाला नेमकं हेच करायचं आहे, आणि ते उपदेशाने होणार नाही. गाडी उघडून होईल.

स्वस्त रिमोट गाड्यांत पुढची चाकं वळवायला एक छोटी मोटर आणि दोन-तीन प्लास्टिकची दातेरी चक्रं असतात. रिमोट नीट चालवता आला नाही की लहान मूल साध्या गाडीसारखं चाक हातानेच वळवतं. मोटर जागची हलत नाही, सगळा जोर त्या नाजूक दात्यांवर येतो, आणि दाते झिजतात किंवा चाकांना जोडणारी दांडी खाचेतून निसटते. गाडी वरून दाबली, तिच्यावर रेललं, की स्पॉयलर जातो, कारण तो दोन बारीक खुंट्यांवर उभा असतो. मुलाला हे आत दिसलं की "त्याने मोडली" याच्या जागी "चाक हाताने वळवलं म्हणून दाता गेला" हे कळतं.

तर एका सुट्टीच्या सकाळी दोघं बसा. आधी रिमोटचे सेल बदला. संपत आलेल्या सेलमुळे गाडी पुढे-मागे जाते पण नीट वळत नाही, असं होऊ शकतं. मग गाडी उलटी करा. पुढच्या चाकांच्या मध्ये बहुतेक गाड्यांत चाकं सरळ ठेवण्यासाठी एक छोटा खटका असतो. तो टोकाला सरकलेला असेल तर मध्यावर आणा. आता गाडी चालू करून रिमोटचं डावं-उजवं दाबा आणि कान लावून ऐका. घर्र आवाज येतो पण चाक हलत नाही, म्हणजे मोटर जिवंत आहे. दाता किंवा दांडी गेली आहे. काहीच आवाज नाही, तर बहुधा तार सुटली आहे.

उघडण्याआधी गाडी बंद करून बॅटरी काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत चार्ज करू नका. मोबाइल दुरुस्तीच्या किटमधला बारीक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. चार-सहा स्क्रू खालून असतात, ते एका वाटीत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा फोनवर फोटो काढा, नाहीतर बंद करताना एक स्क्रू हातात उरतो. वरचा सांगाडा ओढून काढू नका, दिव्यांच्या तारा त्याला जोडलेल्या असू शकतात. दांडी निसटली असेल तर ती बोटाने दाबून परत बसते, काम तिथेच संपतं. तार सुटली असेल तर सोल्डरिंग लागेल. दाते गेले असतील तर तशाच मापाचं चक्र शोधावं लागेल. या दोन्ही कामांसाठी बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीच्या बाजूला विचारा. गाडी सोबत न्या, फोटोवरून माप कळत नाही. मुलालाही न्या.

स्पॉयलर कडक प्लास्टिकचा असेल तर फेविक्विकने चिकटेल. दोन्ही कडा पुसून कोरड्या करा, एकच थेंब लावा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि रात्रभर हात लावू नका. जास्त ओतलं की ते लवकर वाळत नाही आणि बाहेर ओघळतं. काचेसारख्या पारदर्शक भागाजवळ वापरलं तर पांढरा धुरकट डाग पडतो. दातेरी चक्राला तर चुकूनही नको, सगळं एकत्र चिकटून बसेल. हे काम तुम्हीच करा. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा.

नणंदेशी बोलणं राहिलं. हा फोन तुम्ही करू नका, तुमच्या यजमानांनी करायचा आहे. वहिनीकडून तेच शब्द गेले तर तक्रार वाटते, आणि पुढचे सहा महिने ती तक्रारच आठवते. भाऊ बोलला तर घरातली गोष्ट राहते. पण त्याआधी "दुसरी आणू" म्हणून सुटण्यासारखं हे नाही, हे त्यांना पटायला हवं. मुलाने तुम्हाला जे सांगितलं ते त्यांनी एकदा त्याच्याच तोंडून ऐकावं. मग फोनवर साधारण असं: "ताई, त्या दिवशी आपण घाईत विषय संपवला. गाडी आम्हीच त्याला न विचारता दिली, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. पण पोराने मनाला लावून घेतलंय. गौरीला आलीस की तू त्याच्याशी दोन शब्द बोल." एवढंच. तुझ्या मुलाला सांभाळता येत नाही, त्याला जरा वळण लाव, यातलं काहीही नको.

नणंदेने आपणहून पैसे देऊ केले, तर "असू दे गं" म्हणून तिचा हात मागे ढकलू नका. किंमत घेऊ नका, पण दुरुस्तीचा जो काही खर्च झाला असेल तो तिला वाटून घेऊ द्या, आणि ते पैसे तिने तुमच्या मुलाच्या हातात द्यावेत. मोठ्यांनी आपापसात देवघेव केली तर मुलाला ती दिसत नाही, आणि आपली वस्तू पुन्हा आपल्या डोक्यावरून गेली असं त्याला वाटतं.

भाच्याला सॉरी म्हणायला लावू नका. साडेपाच वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट चार मोठ्यांसमोर उभं करून विचारली, तर तो घाबरेल किंवा हट्टाला पेटेल. तोंडातून शब्द काढून घेतला तरी तुमच्या मुलाला तो खोटाच वाटेल. त्याऐवजी दुरुस्त झालेली गाडी तुमच्या मुलाने, त्याची तयारी असेल तर, आतेभावाला चालवून दाखवावी आणि चाक हाताने का वळवायचं नाही ते सांगावं. दुरुस्ती अर्धी राहिली असेल तर भाच्याला स्क्रूची वाटी धरायचं काम द्या, स्पॉयलरवर लावायचं स्टिकर निवडू द्या. या वयाच्या मुलाला झालेलं भरून काढण्याचं काम जमतं, आणि त्यात त्याचा अपमान होत नाही. तुमच्या मुलाची तयारी नसेल तर गाडी बाहेर येणार नाही. त्यासाठी त्याला कुणी चिक्कू म्हणायचं नाही, हे घरात आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

आपण मुलांकडून वाटून घेण्याची जी अपेक्षा करतो, ती आपण स्वतः पाळत नाही. पाहुण्यांना चहा-फराळ देतो, पण आपला फोन किंवा गाडीची किल्ली कुणाच्या हातात देत नाही. मुलालाही स्वतःच्या काही वस्तू न देण्याचा हक्क हवा. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी त्याला सांगा: तीन-चार वस्तू निवड, त्या कुलपात जातील आणि त्या कुणीही काढणार नाही, आजीसुद्धा. बाकीच्या "सगळ्यांच्या". किल्ली तुमच्याकडे ठेवा. लॉफ्टवर टाकलेली बॅग कुणीतरी खुर्ची घेऊन काढतं, म्हणून कुलूप बरं. "सगळ्यांच्या" वस्तूंत एकाच रिमोटवर दोघांनी ताटकळायची वेळ येईल असं काही ठेवू नका. ब्लॉक्स, चेंडू, खेळायची माती, तुळशीबागेतली भातुकली यांनी वेगवेगळ्या वयाची मुलं बरोबर खेळू शकतात. भाच्यापेक्षाही लहान, तीन वर्षांच्या आतलं मूल घरात येणार असेल, तर बारीक तुकडे आणि गोल बटन सेल असलेली खेळणी आधीच वर ठेवा. तसा सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

गाडी बाहेर आलीच तर पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या करा, फोनवर गजर लावून. अशा गाड्या एका चार्जवर बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटंच चालतात, तेव्हा दोन-दोन पाळ्यांत खेळ आपोआप संपतो. भाच्याला "नीट खेळ" म्हणू नका, त्यातून त्याला काहीच कळत नाही. "गाडी दोन हातांनी खालून उचलायची, चाक हाताने वळवायचं नाही" असं सांगा, आणि त्याच्याकडून एकदा करून घ्या. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी मोठं माणूस खोलीत बसू द्या. गौरीच्या दिवशी नैवेद्य-आरतीला उशीर होतो, मुलं भुकेली होतात, मोठे सगळे स्वयंपाकघरात असतात. त्या वेळात गाडी कुलपातच बरी.

असा प्रसंग शेजाऱ्यांच्या मुलाबाबत झाला तर हिशोब थोडा बदलतो. नेहमीच्या खेळण्यात, परवानगीने खेळताना काही तुटलं, तर ते ज्याच्या घरी खेळत होते त्याने सोसावं. नको म्हटलेलं असताना घेतलं, किंवा खेळणं घरी नेऊन मोडून परत आणलं, तर त्या पालकांना कळवायला हवं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. त्याच दिवशी, शक्यतो प्रत्यक्ष, मुलांच्या कानाआड सांगा: "आज खेळताना विमानाचा पंख तुटला. भांडण नाही काही, पण एक तुकडा तुमच्याकडे आला असेल तर बघाल का?" दोन आठवड्यांनी, दुसऱ्या एखाद्या वादात, हे उकरून काढणं सगळ्यात वाईट.

आणि तुमच्या मुलाच्या हातून दुसऱ्याचं खेळणं मोडलं असेल, तर तिथल्या तिथे त्याला धपाटा घालू नका, आणि त्या घरच्यांच्या हातात पाचशेची नोटही कोंबू नका. समोरून "असू द्या हो, खेळणंच आहे" असं येणार, ते मोठ्यांचं बोलणं असतं. ज्याचं खेळणं त्या मुलाच्या उंचीला बसून त्यालाच विचारा: "तुझं हे मोडलं, वाईट झालं. दुरुस्त करून आणलं तर चालेल?" तुकडे गोळा करून न्या, आणि दोन-तीन दिवसांत काय झालं ते कळवा. जमलं नाही तरी कळवा.

तुमच्या गाडीबद्दल एक शक्यता राहते. मोटर किंवा आतली सर्किटची पट्टी जळली असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्या जवळ जाईल आणि तो करण्यात अर्थ नाही. तसं झालं तर नव्या गाडीसाठी मुलाने पुन्हा पैसे साठवावेत हे बरोबर नाही, ते तुम्ही दोघांनी द्या. त्याची चूक नव्हती, ती तुमच्या घराची होती. जुनी गाडी त्याला न विचारता टाकू नका. चाकं, मोटर, दिवे त्याला काढून ठेवायचे असतील. नवी घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. आणि पुढचा गिअरबॉक्स, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी चक्रांची डबी, सुटा मिळतो का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा.